आमची मुलगी तुमच्याकडे येते आहे

सौजन्यशील परिषदबाई यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या टीममधली एक मुलगी पुढच्या महिन्यात बेंगळुरूला तुमच्याकडे येते आहे. तिकीट, प्रवास आणि राहणं, असे सगळे पैसे कंपनीनं मंजूर केले. त्यासाठी मला मॅनेजरसमोर बरंच बोलावं लागलं. "सगळी भाषणं यूट्यूबवर येतातच ना?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. प्रश्न रास्त आहे. भाषणं येतात, आवाजही स्वच्छ असतो, आणि घाई असेल तर दीडपट वेगानं पाहता येतात. मग एवढा खर्च करून, कामाचे दिवस मोडून माणसानं तुमच्या दारी यावं कशासाठी? त्यांना मी जे सांगितलं तेच तुमच्याही कानावर घालावं, आणि मुलगी तुमच्या स्वाधीन करण्याआधी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी मुलीविषयी. ती इचलकरंजीची. वडील यंत्रमागावर आहेत. मराठी शाळेत शिकली, डिप्लोमा केला, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेली आणि आता काही वर्षं आमच्याकडे बॅकएंडचं काम करते. मागच्या दिवाळीत संध्याकाळची गर्दी झाली की आमची साइट गुदमरायची. सगळे म्हणत होते, सर्व्हर वाढवा. हिनं रात्र रात्र लॉग वाचले आणि दाखवून दिलं की, एका विशिष्ट ठिकाणी एरर आली की डेटाबेसचं कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे कनेक्शनच्या सामायिक साठ्यात, परत जातच नाही. असं होत होत पूल रिकामा होतो आणि बाकीच्या रिक्वेस्ट ताटकळत बसतात. बदल होता जेमतेम चार ओळींचा. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. हे ती तुम्हाला आपण होऊन सांगणार नाही. विचारल्याशिवाय बोलायची तिला सवय नाही, म्हणून मी सांगून ठेवते.

तुमची-माझी ओळख जुनी, म्हणून हक्कानं लिहिते आहे. तुमच्या घराण्यातली पायथॉनवाल्यांची शाखा, पायकॉन इंडिया, २००९ साली बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झाली आणि २०११ मध्ये पुण्यात आली. गावातच आली म्हटल्यावर मी रजा टाकून गेले. त्या दिवसांतली भाषणं आता धड आठवत नाहीत. आठवतात ते चहाच्या रांगेत माझ्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ. "तुम्ही कशावर काम करता?" एवढंच त्यांनी विचारलं. मी आमची कर्मकहाणी सांगितली. रात्रीचा हिशेबाचा जॉब सकाळ झाली तरी संपत नाही, मध्येच मेमरी संपून कोसळतो, आणि सगळ्यांच्या मते डेटाबेस हळू आहे. त्यांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, खिशातलं वेळापत्रक काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर चौकोन आणि बाण काढले आणि म्हणाले, "डेटाबेसची तक्रार नंतर करा. तुमच्याकडे काम पाठवणारा थांबत नाही, आणि घेणाऱ्याला 'थांब' म्हणायची सोयच ठेवलेली नाही." मग मधल्या रांगेला मर्यादा कशी घालायची, ती भरली की मागच्याला कसं अडवायचं, हे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या समजावलं. तो कागद कित्येक वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होता. हे उत्तर त्या वर्षी कुठल्याच भाषणात नव्हतं, आणि असणार तरी कसं? माझा प्रश्न कुठल्याच वक्त्याला ठाऊक नव्हता.

त्या भेटीबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते. मॅनेजरना मी सांगितलं ते हेच. भाषण सगळ्यांसाठी असतं, ते घरबसल्या मिळतं. आपल्याच अडचणीत पूर्वी अडकून बाहेर पडलेलं माणूस मात्र घरबसल्या मिळत नाही. ते कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं, मग शोधणार काय आणि कुठे? अशी माणसं तुम्ही एका छताखाली गोळा करता. हा तुमचा मोठेपणा आहे.

तुमच्या घराण्याचा इतिहासही हेच सांगतो. १९३० च्या सप्टेंबरात क्योनिग्सबर्ग शहरात तुमच्याच कुळातली एक परिषद भरली होती, विषय होता नेमक्या विज्ञानांची ज्ञानमीमांसा. कुर्ट ग्योडेल तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याच्या नावावर जे भाषण लावलेलं होतं ते वेगळ्याच निष्कर्षाचं होतं आणि ते त्यानं रीतसर दिलं. शेवटच्या दिवशी चर्चेच्या वेळी मात्र तो थोडक्यात, जाता जाता बोलावं तसं बोलला. गणिताच्या औपचारिक चौकटीत खरी असूनही त्याच चौकटीतून सिद्ध करता येणार नाहीत अशी विधानं असतात, असं. तर्कशास्त्राचा पायाच हलवणारी गोष्ट होती ती, आणि सभा पुढे सरकली. तिचं मोल जागच्या जागी ओळखलं ते जॉन फॉन नॉयमान यांनी. सत्र संपल्यावर त्यांनी ग्योडेलला बाजूला घेतलं आणि खोदून खोदून विचारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ग्योडेलला पत्र लिहून त्या निष्कर्षातून निघणारी पुढची पायरी कळवली. ती पायरी ग्योडेल स्वतःही तोवर चढून गेला होता, हा भाग वेगळा. मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की त्या खोलीत बसलेले सगळेच विद्वान होते आणि सगळ्यांच्या कानांवर तीच वाक्यं पडली होती. सत्र संपल्यावर उठून जाऊन विचारलं एकानं.

दुसरी गोष्ट होनोलुलूची. १९७२ च्या नोव्हेंबरात तिथे प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणूंमधल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर, एक बैठक होती. स्टॅनली कोहेन हे असं कडं जिवाणूत घालण्यातले जाणकार. हर्बर्ट बॉयर यांच्याकडे डीएनए ठरावीक जागी कापणारं एन्झाइम होतं, आणि ते कापल्यावर टोकं अशी राहत की पुन्हा एकमेकांना चिकटावीत. दिवसाची सत्रं आटोपल्यावर रात्री दोघं खायला बाहेर पडले आणि सँडविचच्या दुकानात बसून त्यांनी ठरवलं, आपण दोघांचं एकत्र करू. पुढच्याच वर्षी त्यांचं काम प्रसिद्ध झालं. जनुक अभियांत्रिकी म्हणतात ती तिथून उभी राहिली. आता गंमत पाहा. कोहेन स्टॅनफर्डचे, बॉयर सॅन फ्रान्सिस्कोचे. दोघांच्या प्रयोगशाळा गाडीनं तासाभराच्या अंतरावर, आणि ही बोलणी व्हायला त्यांना अर्धा महासागर ओलांडून जावं लागलं.

हे वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही, कारण तुमच्याकडे बेंगळुरूत मला भेटलेली एक मैत्रीण हिंजवडीत आमच्या शेजारच्या इमारतीत काम करत होती. आम्ही रोज एकाच चौकात वाहतुकीत अडकत होतो. जुन्या प्रणालीतली माहिती चालू ग्राहकांना न थांबवता नव्या प्रणालीत कशी न्यायची, या एकाच प्रश्नावर दोघी वेगवेगळ्या डोकं फोडत होतो. ऑफिसात असताना शेजारच्या इमारतीत जाऊन कोण कुणाला विचारतं? तिथे गळ्यात बिल्ला असतो, दारात सिक्युरिटी असते, हातात काम असतं. तुमच्याकडे आलं की माणूस दोन दिवस कामातून मोकळा असतो आणि विचारणाऱ्याला कुणी आगाऊ म्हणत नाही. ही मोकळीक तुम्ही देता, म्हणून तर इतक्या लांबून लोक येतात.

आता तक्रार. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग वेळापत्रक असं का आखता? सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत चार-चार दालनांत एकाच वेळी भाषणं, मध्ये चहाला पंधरा मिनिटं, आणि त्यातली बरीचशी रांगेतच जातात. एका मोठ्या हॉटेलात भरलेल्या परिषदेत तर जेवणाच्या सुट्टीतही प्रायोजकाचं सादरीकरण लावलं होतं. ताट हातात घेऊन उभी असलेली माणसं शेजारच्याशी बोलायला ओरडत होती. माझ्या समोर एक तरुण आणि एक वयस्क बाई स्टोरेजविषयी काही फार चांगलं बोलत होते. दोनदा त्यांनी प्रयत्न केला, मग हातानंच 'नंतर' अशी खूण करून दोघं दोन दिशांना गेले. ते पुन्हा भेटले की नाही, देव जाणे. मला त्या दिवसाचं अजून वाईट वाटतं.

प्रायोजकांशी माझं भांडण नाही. त्यांच्या पैशामुळेच विद्यार्थ्यांची तिकिटं स्वस्त होतात, कुणाला प्रवासखर्च मिळतो, हे मी जाणते. पण त्यांना जागा द्या, वेळ देऊ नका. वेळ पाहुण्यांचा आहे.

हॅरिसन ओवेन तुमच्या परिचयाचे असतील. १९८३ मध्ये त्यांनी वर्षभर खपून अडीचशे माणसांची परिषद भरवली, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की सर्वांत चांगल्या झाल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. दुसरा कुणी असता तर रुसून बसला असता. ओवेन यांनी त्यातून पद्धतच काढली. १९८५ मध्ये त्यांनी आधी ठरवलेल्या कार्यक्रमाशिवाय परिषद भरवून पाहिली. आलेल्यांनीच भिंतीवर विषय लावायचे, ज्याला ज्यात रस त्यानं तिथे जाऊन बसायचं, आणि जिथे आपण शिकतही नाही आणि काही देतही नाही तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जायचं. या शेवटच्या गोष्टीला ते दोन पायांचा नियमच म्हणत. तुमच्याकडच्या 'ओपन स्पेस' बैठका त्याच वळणाच्या आहेत. मग त्यांना मागच्या कोपऱ्यातली, फळा नसलेली खोली का देता? तिथे बसलेल्यांकडे चित्र काढायला जागा हवी. माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोलाचं उत्तर चौकोन आणि बाणांत आलं होतं.

दुसरी तक्रार नाजूक आहे, पण सांगते. भाषण संपतं, दिवे लागतात, स्वयंसेवक माइक घेऊन फिरायला लागतो आणि सगळं दालन वळून बघतं. त्या क्षणी आमच्या मुलीसारख्या कितीतरी जणांचा प्रश्न घशातच राहतो. विषय त्यांना कळलेला असतो, कधी कधी तर बोलणाऱ्याहून खोल कळलेला असतो. अडतं ते चारशे माणसांपुढे इंग्रजी वाक्य जुळवताना. तोवर माइक तिसऱ्याकडे गेलेला असतो, आणि तो तिसरा प्रश्न न विचारता स्वतःच्या कंपनीची माहिती सांगत बसतो. मी हेही पाहिलं आहे की दालनात गप्प राहिलेला मुलगा बाहेर जिन्यात वक्त्याला गाठतो, हिंदीत सुरू करतो, आणि वक्ता तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडतो. मराठी, कन्नड, तमिळ, हिंदी असं सगळं तुमच्या जिन्यांत ऐकू येतं आणि तिथे कुणाचं काही अडत नाही. मग दालनातच का अडावं? चिठ्ठ्या फिरवा. ज्याला हवं त्यानं हव्या त्या भाषेत लिहावं, सूत्रसंचालकानं वाचून दाखवावं. आणि वक्त्याला भाषणाच्या आधीच सांगून ठेवा की संपल्यावर पंधरा मिनिटं दाराबाहेर ठरलेल्या जागी थांबायचं आहे. परतीचं विमान गाठायला थेट मंचावरून टॅक्सीत बसणारा वक्ता कितीही मोठा असला तरी मला तो अर्धाच आल्यासारखा वाटतो.

मुलीलाही मी तशीच पाठवत नाही. तिच्याकडून तयारी करून घेते आहे, तीही तुम्हाला कळवते. वेळापत्रक जाहीर झालं तेव्हा तिनं नेहमीसारखं प्रत्येक तासाला काहीतरी निवडून रंगवून ठेवलं होतं. मी त्यातलं निम्म्याहून जास्त खोडायला लावलं. दिवसाला दोन, फार तर तीन भाषणं, आणि त्यातलं एक तिच्या कामाशी काही संबंध नसलेलं. ज्यांची भाषणं निवडली त्यांची जुनी भाषणं ती आता रोज जेवताना पाहते आहे, म्हणजे तिथे गेल्यावर पहिल्याच पायरीचे प्रश्न विचारायला नकोत. एका वक्त्याला तिनं ईमेल केलं: तुमचं अमुक काम आम्ही वापरतो, अमुक ठिकाणी अडतो, दहा मिनिटं मिळतील का? त्यांचं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भेटू, म्हणाले. मुलगी तो मेल घेऊन माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता.

मग "तू काय करतेस?" याचं उत्तर बसवलं. या प्रश्नाला आपल्याकडे लोक कंपनीचं नाव आणि हुद्दा सांगतात, आणि तिथे संवाद संपतो. समोरच्याला धरायला काहीच मिळत नाही. तिनं कनेक्शन पूलची हकीकत दोन वाक्यांत सांगायची असं ठरवलं आहे. ऐकणाऱ्याकडे त्याची स्वतःची अशीच एखादी हकीकत असतेच, आणि मग दोघांचं चालू होतं. आधी मराठीत बोलून घेतलं, जीभ सैल झाल्यावर इंग्रजीत.

याच हकीकतीवर तिनं पाच मिनिटांचं लाइटनिंग टॉक द्यावं असंही माझ्या मनात आहे. हे नाव २००० साली पिट्सबर्गला भरलेल्या पर्लवाल्यांच्या परिषदेत मार्क जेसन डॉमिनस यांच्यामुळे रूढ झालं, आणि तुमच्या घराण्यानं तेव्हापासून नवख्या माणसांवर केलेला हा मोठा उपकार आहे. निवड समिती नाही, महिने महिने वाट पाहणं नाही. फलकावर नाव लिहायचं आणि बोलायचं. पाच मिनिटांत पडलं तरी कुणाचं नुकसान होत नाही. आणि बोललं की उरलेले दिवस आपल्याला कुणाकडे जावं लागत नाही, लोकच शोधत येतात: "पूलवाली तूच ना?" एकटीनं आलेल्या, लाजऱ्या माणसासाठी मला याहून चांगली युक्ती माहीत नाही. नाहीतर पहिला दिवस वरपक्ष-वधूपक्षातलं कुणीच ओळखीचं नसलेल्या लग्नात बसल्यासारखा जातो: सगळे एकमेकांना मिठ्या मारताहेत आणि आपण फोनमध्ये बघतो आहोत.

प्रायोजकांच्या स्टॉलवर काय करायचं तेही सांगितलं आहे. टी-शर्ट आणि स्टिकर घे, त्याला ना नाही. पण तिथे उभ्या असलेल्या माणसांत प्रत्यक्ष कोड लिहिणारं कोण आहे ते हेर आणि त्याला विचार, "तुमचं हे कुठे मोडतं?" विकणारा या प्रश्नावर गोंधळतो. बनवणारा खुलतो. आमच्याकडे दोन मोठे निर्णय अशा उत्तरांवर झाले आहेत, आणि माहितीपत्रकात त्यातलं अक्षरही नव्हतं.

आणि मोठ्या दालनाइतकाच वेळ पोस्टरना आणि प्रात्यक्षिकांच्या टेबलांना दे, असं बजावलं आहे. १९९१ च्या डिसेंबरात टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला हायपरटेक्स्टची परिषद भरली. टिम बर्नर्स-ली यांचा वर्ल्ड वाइड वेबवरचा निबंध तिथे नाकारला गेला होता. मांडायला मिळालं ते एक टेबल. रॉबर्ट काइयो यांच्याबरोबर ते आले, फोनची लाइन मिळवून जोडणी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वेब दाखवत उभे राहिले. त्या दिवशी मुख्य दालनात बसून राहिलेल्या माणसाला वेब पाहायला मिळालं नाही. निवड समितीत अडाणी माणसं नव्हती. ज्या मोजमापानं त्यांनी पाहिलं त्यात ते बसलं नाही, इतकंच. तुमच्या समित्यांतही असं होत असणार. म्हणून त्या टेबलांना उजेड द्या, जाण्यायेण्याच्या वाटेवर ठेवा, तळघरात पार्किंगशेजारी नको.

वहीचंही सांगते. स्लाइड उतरवून घ्यायच्या नाहीत, त्या मिळतातच. रात्री खोलीवर गेल्यावर त्या दिवशी कोण भेटलं, काय म्हणालं, आणि परत गेल्यावर आपण काय करून पाहणार, एवढं लिहायचं. नाव लिहिताना चेहरा आठवेल असं काहीतरी शेजारी लिहायचं. दोन दिवसांनी नुसत्या नावांचा काही उपयोग होत नाही.

परत आल्यावरचं काम मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि तिथेच तुमचे बहुतेक पाहुणे सुटतात. तुमच्या घराण्यातली एक फार जुनी परिषद १८६० च्या सप्टेंबरात कार्ल्सरूहला भरली होती, रसायनशास्त्रज्ञांची. अणू कशाला म्हणायचं, रेणू कशाला, अणुभार कुठले धरायचे, यावर तीन दिवस वाद झाला आणि एकमत काही झालं नाही. निघताना इटलीच्या कानिझारो यांची एक छोटी पुस्तिका वाटली गेली. वाटली ती त्यांचे मित्र पावेसी यांनी. जर्मनीच्या लोथार मायर यांनी ती खिशात टाकली, वाटेत वाचली, घरी जाऊन पुन्हा वाचली, आणि इतकी वर्षं अडलेली कोडी त्यांना सुटताना दिसू लागली. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होते आणि तेही कानिझारो यांच्या विचारांनी भारून परतले. १८६९ साली त्यांची आवर्त सारणी आली, आणि मायर यांनीही स्वतंत्रपणे त्याच दिशेनं काम केलं. तीन दिवसांच्या परिषदेतून काय हाती लागलं, असं त्या शेवटच्या संध्याकाळी कुणी विचारलं असतं तर बहुतेकांनी 'काही नाही' असंच सांगितलं असतं. खिशातली पुस्तिका घरी जाऊन उघडली म्हणून पुढचं घडलं.

म्हणून मुलीचा परतल्यानंतरचा पहिला दिवस मी कामातून मोकळा ठेवला आहे. ज्यांना काही पाठवते म्हणाली असेल त्यांना त्याच दिवशी पाठवायचं. त्या आठवड्यात टीमला बसवून ऐकलेलं सांगायचं. भाषणांचा सारांश नको, आपल्या कामात काय बदलावं ते हवं. आणि एक गोष्ट, छोटीशी का होईना, महिनाभरात करून बघायची. मॅनेजर त्या बैठकीला येणार आहेत. पुढच्या वर्षी कुणाला पाठवायचं की नाही, ते त्या बैठकीवर ठरेल, आणि माझी खात्री आहे की त्यांना पुन्हा यूट्यूबचा प्रश्न पडणार नाही.

आता विनंती. एरिक होल्शर हे लेखनाशी संबंधित तांत्रिक परिषदा भरवणाऱ्यांपैकी एक. त्यांनी एक साधा नियम सुचवला आहे: गप्पा मारत घोळक्यात उभं राहताना गोल पूर्ण बंद करायचा नाही, एका माणसाची जागा मोकळी सोडायची. पॅक-मॅन खेळातल्या त्या उघड्या तोंडाच्या आकारासारखं उभं राहायचं, म्हणून पॅक-मॅनचा नियम. कुणी येऊन ती जागा घेतली की सगळ्यांनी थोडं सरकून पुन्हा एक फट करायची. उद्घाटनाच्या भाषणात प्रायोजकांची नावं वाचण्याआधी तुम्ही हे एकदा सांगितलंत तर फार बरं होईल. तुमचे जुने पाहुणे वाईट नसतात. वर्षानं भेटतात, आनंदात असतात, पाठ कुणाकडे झाली आहे ते त्यांच्या लक्षात येत नाही. आमची मुलगी बंद गोलाच्या बाहेर उभी राहिली तर खांद्यावर टकटक करून आत शिरणारी नाही. फट दिसली तर मात्र नक्की शिरेल, आणि मग त्या घोळक्यालाच लाभ होईल.

चहाच्या सुट्ट्या अर्ध्या तासाच्या करा. त्यासाठी एक दालन कमी करावं लागलं तरी करा. जेवणाच्या वेळी पडदे बंद ठेवा. आणि नोंदणीच्या टेबलावर एखादं वयानं मोठं, मायेनं बोलणारं माणूस बसवा, जे विचारेल, "पहिल्यांदा आलात का? कुणाला भेटायचं आहे?" आणि उत्तर ऐकून खरोखर कुणाकडे तरी घेऊन जाईल. असं माणूस सापडलं नाही तर मला कळवा, पुढच्या वर्षी मी येऊन बसते.

बाकी क्षेम. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
पुण्याची एक जुनी पाहुणी

ता. क. : गळ्यातल्या बिल्ल्यावरचं नाव दोन्ही बाजूंना छापा, आणि कंपनीच्या नावापेक्षा मोठं. दोरीला पीळ पडून तो सारखा उलटतो, मग समोरच्याच्या छातीवर नुसती प्रायोजकाची जाहिरात दिसते आणि नाव विचारायचं धाडस होत नाही. दोन्ही बाजूंनी छापायला थोडे जास्त पैसे पडतील. ते तिकिटात घाला, आम्ही देऊ.